पदर नव्हे, ओचे : कादंबरीवरून पहिलं कोलाज करताना

पहिल्या दिवशी सगळे आईचा चेहरा शोधायला लागतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत बडोद्याला, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पाच-सात जण कोलाज, म्हणजे कागद-कापडाचे तुकडे चिकटवून केलेलं चित्र, शिकायला येतात. कॉलेजच्या मुली असतात, एखादे निवृत्त काका असतात, एखादीला मुलांच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी काहीतरी करायचं असतं. सगळ्यांना मी एकच पुस्तक देते, ‘श्यामची आई’. ते घरोघरी असतं, आणि आपल्याला ते पाठच आहे असं प्रत्येकाला वाटतं. मासिकांचा गठ्ठा पुढ्यात ठेवला की अर्ध्या तासात टेबलावर डोक्यावर पदर घेतलेल्या, पाणावलेल्या डोळ्यांच्या बायकांची रांग लागते. शेजारी समई, मागे मावळता सूर्य. चिकटवायला सोपं, बघायला कंटाळवाणं. त्यात पुस्तकातलं काहीच नसतं, पुस्तकाच्या आठवणीने दाटून आलेला आपलाच गळा असतो.

म्हणून माझ्याकडे नियम असा की चेहरा चिकटवायचा नाही. वस्तू चिकटवायची, आणि ती पुस्तकात असेल तशीच.

आधी पेन्सिल, मग कात्री

साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, १९३५ साली ते छापून आलं. गोष्ट बेचाळीस रात्रींत वाटलेली आहे. कोलाज करणाऱ्याला ही मोठीच सोय, कारण अख्खी कादंबरी एका कागदावर कोंबायची वेळच येत नाही. एक रात्र निवडा. दुसरी कुठली जुनी कादंबरी घेतली असेल तर एक प्रकरण घ्या, किंवा दोन पानांचा एक प्रसंग.

निवडलेली रात्र दोनदा वाचा. पहिल्यांदा नुसती वाचा. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसा आणि फक्त नामं उतरवा, हाताला लागतील अशी. ‘माया’, ‘त्याग’, ‘संस्कार’ हे शब्द यादीत आले तर खोडा. ते कागदातून कापता येत नाहीत. ‘धोंडा’ येतो, ‘पान’ येतं, ‘मीठ’ येतं. एका रात्रीतून दहा-बारा वस्तू सहज निघतात, आणि चित्राला त्यातल्या दोन-तीन पुरतात.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, तोंडावर पडून शिकले आहे. ‘थोर अश्रू’ या रात्रीतला तो प्रसंग सगळ्यांना माहीत असतो. श्यामची आंघोळ झाली आहे, ओल्या पायांना माती लागायला नको म्हणून तो हट्ट धरतो, आणि आई त्याच्या पायांखाली आपलं वस्त्र पसरते. पायांना जपतोस तसं मनालाही जप, असं त्याला सांगते. मला हे इतकं पाठ होतं की पुस्तक उघडायचीही गरज वाटली नाही. सासूबाईंच्या जुन्या नऊवारीचा जरीचा पदर मागायला गेले.

“पदर कशाला?”

“आई, तिने पदर पसरला ना धोंड्यावर, त्यासाठी.”

“पदर नाही गं, ओचे. ओचे पसर म्हणतो तो. वाचलंस का नीट?”

वाचलं नव्हतं. पुस्तकात ओचेच आहेत. मला वाटलं, एका शब्दाने काय मोठं बिघडतंय? पण बिघडतं. पदर म्हटलं की जर येते, चमक येते, काठाची नक्षी येते, आणि चित्र सणासुदीचं होऊन बसतं. ओचे म्हणजे समोर खोचलेला, दिवसभर काम करून मळलेला, धुऊन धुऊन विरलेला भाग. त्याला चमक नसतेच. सासूबाईंनी मग ट्रंकेतून एक फाटकी सुती नऊवारी काढून दिली. रंग मूळचा निळा असावा, आता राखेसारखा झालेला. माझं अर्धं चित्र त्या रंगानेच केलं.

कागद कुठून आणायचे

विकत कमीत कमी घ्या. १९१२ साली पिकासोने वेताच्या खुर्चीची जाळी छापलेला मेणकापडाचा तुकडा थेट आपल्या चित्रात चिकटवला. कोलाजच्या गोष्टीची सुरुवात बहुतेक जण तिथूनच सांगतात, आणि तो तुकडाही घरगुती सामानातलाच होता.

बडोद्यात कागदाला तोटा नाही. रद्दीवाल्याला इथे पस्तीवाला म्हणायचं, नाहीतर तो थांबत नाही. त्याच्याकडे गुजराती वर्तमानपत्रं, जुन्या वह्या, शाळेचे नकाशे मिळतात. लग्नसराई संपली की घरोघरी कंकोत्र्या, म्हणजे लग्नपत्रिका, पडून असतात; त्यांचा जाड, खरबरीत कागद आतल्या बाजूने वापरा, बाहेरच्या सोनेरी गणपतीच्या मोहात पडू नका. जुन्या दुकानदारांकडे लाल कापडी पुठ्ठ्याचे चोपडे असतात. दिवाळीला चोपडापूजन झालं की मागल्या वर्षांचे अडगळीत जातात. ओळखीच्या माणसाकडे कोरी उरलेली पानं मागा, हिशेबाची लिहिलेली नकोत. लोकांची नावं आणि आकडे आपल्या भिंतीवर कशाला? ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’ ही रात्र करायची असेल तर त्या पानांच्या आखलेल्या रेघाच पुरेशा बोलतात.

मग उत्तरायण. १४ आणि १५ जानेवारीनंतर प्रत्येक गच्चीवर फाटके पतंग असतात. तो कागद पातळ आणि पारदर्शक असतो, एकावर एक ठेवला की तिसराच रंग तयार होतो. वर्षभराचा साठा तेव्हाच करून ठेवा. मांजा सोडवताना बोटं सांभाळा. आणि एक कायम लक्षात ठेवा, पतंगाचा कागद ओला झाला की रंग सोडतो. माझ्या पहिल्या चित्रात लाल पतंगाचं पाणी मजकुरावर उतरलं आणि वात्सल्याच्या प्रसंगावर खून झाल्यासारखं दिसायला लागलं. पतंग सगळ्यात शेवटी, घट्ट गोंदाने, अगदी पातळ थर देऊन लावायचा.

‘पत्रावळ’ ही रात्र घेणाऱ्यांना खरी पानं लावायचा मोह होतो, आणि तो रास्त आहे. पळसाची पानं घ्या (गुजरातीत या झाडाला खाखरो म्हणतात, नाश्त्याचा खाखरा वेगळा). जाड पुस्तकात वर्तमानपत्राच्या घडीत घालून पंधरा दिवस दाबा, कागद दोन-तीनदा बदला. ओलं पान लावलंत तर आठवड्याभरात बुरशी येणार.

पुस्तक कापायचं नाही

घरचं जुनं पुस्तक कापू नका, ग्रंथालयाचं तर नाहीच नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाचे ग्रंथपाल थेट अमेरिकेहून आणून या संस्थानात ग्रंथालयं उभी केली. त्या गावात राहून पुस्तकाला कात्री लावायची म्हणजे फारच झालं.

हव्या त्या पानाची झेरॉक्स काढा. जुन्या पुस्तकाची शिवण मशीनवर दाबली की तुटते, तेव्हा फोनवर नीट उजेडात फोटो घेऊन तो लेझर प्रिंटरवर छापलेला बरा. झेरॉक्स किंवा लेझरच का? त्यांची काळी पूड उष्णतेने कागदावर बसलेली असते, गोंदाच्या ओलीने ती पसरत नाही. घरच्या शाईच्या प्रिंटरवरचा मजकूर बहुतेक वेळा ओला होताच निळसर वाहतो. दोन-तीन आकारांत प्रती काढा : आहे तेवढी, दीडपट, तिप्पट. तिप्पट केलेलं ‘श’ हे अक्षर न राहता आकार होतो, आणि तो फार कामाचा असतो.

हक्कांचं थोडक्यात. साने गुरुजी १९५० साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क चालतो, म्हणजे २०११ पासून त्यांचा मजकूर सगळ्यांना खुला आहे. पण एखाद्या आवृत्तीतली चित्रं आणि मुखपृष्ठ त्या त्या चित्रकाराचं असतं. ते उचलून आपल्या चित्रात लावू नका, विकायचं असेल तर मुळीच नाही.

सामान

लहान टोकदार कात्री, कटर, लोखंडी पट्टी, एक इंच रुंदीचा सपाट ब्रश, बटर पेपर, फेविकॉल, आणि एक जुनं जाड मासिक. या मासिकावर तुकडा उलटा ठेवून गोंद लावायचा आणि दर वेळी पान उलटायचं, म्हणजे मागच्या तुकड्याचा गोंद पुढच्याच्या तोंडाला लागत नाही. स्वयंपाकघरातलं लाटणं मागून घ्या. परत मिळेलच अशी खात्री घरच्यांना देऊ नका.

खालचा कागद जाड हवा. ड्रॉइंगचा साधा कागद गोंदाने होडीसारखा वळतो. माउंट बोर्ड घ्या किंवा ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कागद, पहिल्या वेळी ए४ आकाराचाच. मोठा कागद घेतला की नवशिक्या माणूस तो भरायच्या मागे लागतो.

पातळ कागदांसाठी मला खळ जास्त आवडते. एक वाटी पाण्याला दोन मोठे चमचे मैदा, गुठळ्या मोडून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवायची, गार करून गाळायची. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते. खळीचा फायदा असा की ती सावकाश वाळते, चुकीचा तुकडा सरकवता येतो. तोटा असा की कसरीला ती भयंकर आवडते. जुने बुकबाइंडर म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विष आहे. घरात मुलं असतील तर त्या वाटेला जाऊ नका, चित्र काचेत बंद करा म्हणजे झालं.

आता ते ओच्यांचं चित्र, पहिल्यापासून

एक चित्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं झालं ते सांगते. तुम्ही दुसरी रात्र घेतलीत तरी क्रम हाच.

माझ्या यादीतून तीन वस्तू उरल्या : धोंडा, ओचे, दोन ओले पाय. माणूस एकही नाही.

पाय कसे कापायचे? हाताने काढून पाहिले, ते जाहिरातीतल्या लक्ष्मीच्या पावलांसारखे आले. मग भाच्याला बाथरूममध्ये नेलं, त्याचे पाय ओले केले आणि वर्तमानपत्रावर उभं केलं. “मामी, गुदगुल्या होतात,” म्हणून तो उड्या मारत होता, त्यात तीन पानं वाया गेली. चौथ्या पानावर नीट ठसा मिळाला. ओल वाळायच्या आत पेन्सिलीने कड गिरवून घेतली. तेव्हा लक्षात आलं की ओल्या पायाचा ठसा आपण समजतो तसा भरीव नसतोच. टाच असते, पुढचा चवडा असतो, मधली कमान जवळजवळ गायब, आणि करंगळीचा एक सुटा थेंब. तो थेंब मी कल्पनेने कधीच काढला नसता.

तो आकार ‘थोर अश्रू’च्या दीडपट झेरॉक्सवर ठेवून कापला. ओळी टाचेकडून बोटांकडे जातील असा कागद फिरवून घेतला, त्यामुळे कुणी वाचायला गेलं तर मान वाकडी करावी लागते. मला तेच हवं होतं. मजकूर सरळ वाचता आला की लोक चित्र बघायचं सोडून वाचत बसतात.

धोंड्यासाठी एक युक्ती. झेरॉक्स मशीनचं झाकण उघडं ठेवून, काचेवर काही न ठेवता प्रत काढली की काळा कागद मिळतो, मधेमधे फिकट ठिपके असलेला. दुकानदार कुरकुरतो, “बेन, आमां तो टोनर खाई जाय छे!” दोनच काढा. हा कागद कापायचा नाही, फाडायचा. फाडताना आतली पांढरी तंतूंची कड उघडी पडते आणि ती हुबेहूब फुटलेल्या दगडाच्या कपरीसारखी दिसते. फाडलेल्या दोन तुकड्यांपैकी एकाला ही पांढरी कड येते, दुसऱ्याला येत नाही. हात कुठल्या बाजूला ओढतो त्यावर ते ठरतं, तेव्हा आधी रद्दीवर दहा वेळा फाडून बघा. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटतं आणि आडवं फाडलं की वेडंवाकडं, हेही तेव्हाच कळेल. कागदाला धागा असतो, कापडासारखाच.

कापडाचं काम कटकटीचं. सुती तुकडा तसाच कापला तर कडेचे दोरे सुटतात, आणि पातळ गोंद लावला की तो वर झिरपून डाग पडतो. म्हणून आधी त्याला खळ द्यायची, आजी लुगड्याला देत असे तशीच. ताटावर पसरून वाळवायचा, इस्त्री करायची, मग कापायचा. तो कागदासारखा कडक होतो आणि निरीची घडीही धरून ठेवतो. मागून गोंद लावताना पाणी घालायचं नाही.

मांडणी

एकही तुकडा चिकटवण्याआधी सगळे कोरडेच मांडा. फोनने फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करून बघा. रंगात छान दिसणारी पुष्कळशी चित्रं इथे एकसारखी करडी होतात, म्हणजे गडद आणि फिकट यांत पुरेसा फरक नाही. माझे पाय ओच्यांवर असेच हरवले होते. मी पावलांखाली जरा मोठा, कोरा पांढरा कागद घातला, त्याची केसाएवढी कड बाहेर ठेवली आणि पाय वर आले.

मांडणी तशीच ठेवून झोपा. पंखा बंद करायला विसरू नका.

आपल्या गावात दोन ठिकाणं या पायरीसाठी शिकण्यासारखी आहेत. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा बघा, तिथल्या भिंती महाभारत आणि कृष्णलीलांच्या चित्रांनी अशा भरल्या आहेत की रिकामी जागा शोधावी लागते. आणि कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांनी १९३९ ते १९४६ या काळात काढलेली भित्तिचित्रं आहेत, त्यातली एक भिंत रवींद्रनाथांच्या ‘नटीर पूजा’ या नाटकावरची आहे. लिहिलेल्या गोष्टीचं चित्र होताना काय काय गळतं ते तिच्यासमोर उभं राहून पाहण्यासारखं आहे. भरलेलं चित्र आणि मोकळं चित्र, दोन्ही चालतात. अर्धवट भरलेलं तेवढं चालत नाही.

चिकटवणं

मागचा थर आधी, पुढचा नंतर. फेविकॉलमध्ये थोडं पाणी घाला, साधारण तीनास एक. ब्रश तुकड्याच्या मध्यापासून कडेकडे फिरवा, कड कोरडी राहू देऊ नका. आता थांबा. गोंद लागला की कागद ओल पिऊन किंचित वाढतो; लगेच लावलात तर तो चिकटल्यावर वाढतो आणि फुगे येतात. दहा-पंधरा सेकंद जाऊ द्या, मग ठेवा, वर बटर पेपर ठेवून मध्यापासून बाहेर बोटाने दाबत जा, आणि वरून एकदा लाटणं फिरवा. राहिलेला फुगा टाचणीने टोचून दाबला तर बसतो.

सगळं लागल्यावर बोर्डाच्या मागच्या बाजूलाही तेवढ्याच आकाराचा साधा कागद चिकटवा. हे कोणी करत नाही आणि मग चित्र वाकलं म्हणून रडतात. पुढचा कागद वाळताना आकसतो आणि बोर्डाला आपल्याकडे ओढतो. मागेही ओढणारं कुणी असलं की बोर्ड सरळ राहतो. नंतर बटर पेपरमध्ये ठेवून वर जाड पुस्तकांचा ढीग, एक रात्र. पावसाळ्यात दोन रात्री, आणि मध्ये एकदा बटर पेपर बदला.

वर्तमानपत्राचे तुकडे काही महिन्यांत पिवळे पडतील. त्या कागदात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं, उजेडाने ते रंग बदलतं. पिवळेपणा चालणार असेल तर वापरा, नाहीतर त्याचीही झेरॉक्स चांगल्या कागदावर काढून लावा.

फ्रेमवाल्याला सांगा की काच चित्राला टेकायला नको, मधे पट्टी घालून अंतर ठेव. कापड काचेला चिकटलं की ओल धरतं. उन्हाच्या भिंतीवर टांगू नका, पतंगाचा रंग एका उन्हाळ्यात उडतो.

फ्रेमला देण्याआधी मागच्या कागदावर कादंबरीचं नाव, रात्रीचं नाव आणि तारीख लिहा. पेन्सिलीने लिहा, शाई वर्षा-दोन वर्षांत पुढे उमटू शकते. माझ्या चित्रामागे सासूबाईंनी स्वतःच्या हाताने आणखी एक ओळ घातली आहे : “नऊवारी माझी, परत मिळाली नाही.”